भेकराची सहा आणि आपली शेहेचाळीस



ताडोब्यात किंवा तिकडे आलापल्लीच्या सागवानात संध्याकाळी कधी थांबला असाल, तर कुत्रा भुंकावा तसा आवाज तुम्ही ऐकला असेल. या रानात कुत्रा कुठून आला, असे पाहुण्याला वाटते. तो कुत्रा नसतो, भेकर असते. आपल्याकडे त्याला भेडकी असेही म्हणतात. अंगाने लहान, बुजरे हरीण. वाघाची किंवा बिबट्याची चाहूल लागली की ते थांबून थांबून भुंकत राहते आणि सारे जंगल कान टवकारते. वाटाडे त्या आवाजावरून वाघाचा माग काढतात. पाहुण्यांचा जीव वाघात अडकलेला असतो, त्यामुळे भेकराकडे कोणी पाहत नाही.

जगातल्या प्रयोगशाळांत मात्र हे भेकर फार ओळखीचे आहे. त्याचे कारण त्याचा आवाज नव्हे, त्याची गुणसूत्रे. १९७० साली डोरिस वुर्स्टर आणि कुर्ट बेनिर्श्के या दोन अमेरिकी संशोधकांनी भारतीय भेकराच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या आणि मोजल्या. मादीत गुणसूत्रे निघाली सहा आणि नरात सात. सस्तन प्राण्यांत इतकी कमी संख्या दुसऱ्या कोणात आढळलेली नाही. आपली माणसांची शेहेचाळीस. चीनमध्ये याच भेकराचा एक सख्खा चुलतभाऊ राहतो. दिसायला बराचसा असाच, आणि त्याची गुणसूत्रे आपल्याइतकीच, म्हणजे शेहेचाळीस. एकाची सहा-सात, दुसऱ्याची शेहेचाळीस, आणि दोघेही भेकरच. हे काय गौडबंगाल आहे, ते आज सांगायचे आहे. कारण या गौडबंगालाचा धागा आपल्या दोन जिल्ह्यांतल्या कितीतरी घरांपर्यंत येतो.

मी बी.ए. झालेला माणूस. कविता लिहितो. माझ्याकडून शास्त्राच्या व्याख्येची अपेक्षा ठेवू नका. जाणत्या डॉक्टरांना विचारून, वाचून जे समजले ते माझ्या भाषेत सांगतो.

गुणसूत्र म्हणजे क्रोमोसोम. आपल्या प्रत्येक पेशीच्या केंद्रकात शरीर कसे घडवायचे याची सगळी लिखावट असते. ती एका सलग कागदावर नाही, वेगवेगळ्या ग्रंथांत बांधलेली आहे. माणसाचे तेवीस ग्रंथ. प्रत्येकाची एक प्रत आईकडून आणि एक बापाकडून, असे शेहेचाळीस. एका संचातली अक्षरे मोजली तर जवळजवळ तीनशे कोटी भरतात. शेहेचाळीस हा आकडासुद्धा माणसाला १९५६ पर्यंत ठाऊक नव्हता. त्याआधी तीसहून अधिक वर्षे शास्त्रज्ञ अठ्ठेचाळीस म्हणत होते, पुस्तकांत तेच छापत होते. जो हिन त्जियो आणि आल्बर्ट लेवान यांनी स्वीडनमध्ये नीट पसरलेल्या पेशी पाहिल्या आणि दोन कमी निघाली.

आता भेकराचे कोडे. लिखावट तीच, बांधणी वेगळी. पूर्वजांचे अनेक लहान ग्रंथ एकापुढे एक चिकटत गेले आणि आपल्या भेकराकडे तीन मोठ्या जाड ग्रंथांच्या जोड्या उरल्या. नरातले सातवे कसे, तर लिंग ठरवणारे एक्स गुणसूत्रही एका मोठ्या गुणसूत्राला जाऊन चिकटले, त्यामुळे नराकडे जोडीचा हिशेब एकाने चुकतो. चिकटले हे कशावरून, असे कोणीही विचारील. १९९० च्या दशकात केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी चिनी भेकराच्या एकेका गुणसूत्राचा चकाकणारा रंग तयार केला आणि तो भारतीय भेकराच्या पेशींवर टाकला. एका लांब गुणसूत्रावर ओळीने वेगवेगळे पट्टे उजळले. जोड कुठे होता तेही दिसले. आगगाडीचे डबे कोणकोणत्या कारखान्यातून आले ते रंगावरून कळावे, तसे.

या दोन जातींचा संकर चीनमध्ये करून पाहिला गेला. पिल्ले जन्मली, जगली, वाढली. पण त्यातल्या नरात बीज तयार होण्याचे काम अडले. स्वतः धडधाकट, पण पुढची पिढी देताना अडचण. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण आता मी जनावरांकडून माणसांकडे येतो.

माझ्या कविता छापणाऱ्या छापखान्यात एक बांधणीवाले काका होते. दोन पुस्तकांचे फर्मे टेबलावर शेजारी शेजारी पडलेले. समजा, त्यांच्या हातून एका पुस्तकाची शेवटची आठ पाने दुसऱ्याला गेली आणि दुसऱ्याची आठ याला आली. कागद तोच, अक्षरांचा टाइप तोच, जाडीही तीच. पुस्तके मोजली तर तितकीच भरणार. एकही पान हरवलेले नाही. जोवर दोन्ही पुस्तके एकाच घरात राहतील तोवर काही बिघडत नाही, वाचणाऱ्याला सगळे सापडते. पण कोणी एक पुस्तक उचलून मुलाला दिले आणि दुसरे घरीच राहिले, तर मुलाच्या वाट्याला काही पाने दोनदा येतील आणि काही येणारच नाहीत.

माणसाच्या गुणसूत्रांतही असेच होते. दोन गुणसूत्रांचे तुकडे तुटतात आणि आपसात अदलाबदल होऊन जोडले जातात. याला संतुलित अदलाबदल म्हणतात. ज्याच्या अंगात ती आहे तो बहुधा अगदी निरोगी असतो. साधारण पाचशे ते सहाशे माणसांत एकाच्या अंगात असे काही असते, असे जगभरचे अनुभव सांगतात. २०११ च्या जनगणनेत चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून लोकसंख्या पावणेतेहेतीस लाखांच्या आसपास होती. म्हणजे आपल्या या दोन जिल्ह्यांत अशी पाच-सहा हजार माणसे असावीत. ही कोणी केलेली मोजणी नव्हे, मी कागदावर मांडलेला हिशेब आहे. त्यातल्या बहुतेकांना हे कधीच कळणार नाही, आणि कळायची गरजही पडणार नाही. ज्यांना गरज पडते त्यांची गोष्ट मात्र कठीण आहे.

माझ्या माहितीतले एक घर आहे. गाव सांगत नाही, नावांचे तर कारणच नाही. लग्नाला सात वर्षे झालेली. सूनबाईला तीनदा दिवस गेले आणि तीनदा तिसरा महिना सरायच्या आत गर्भ गळाला. मध्ये एक मुलगा झाला. त्याने मान उशिरा धरली, दोन वर्षांचा झाला तरी आधाराशिवाय बसेना, दूध पिताना ठसका लागे. मग सुरू झाले. ग्रहणात हिने विळी हातात धरली होती. हिच्या माहेरचेच काही असेल. कुणीतरी करणी केली असेल. तुम्हाला हे जुन्या काळातले वाटेल. पण २०२१ च्या ऑगस्टमध्ये आपल्याच जिल्ह्यात, जिवती तालुक्यातल्या वणी खुर्दला, जादूटोण्याच्या संशयावरून माणसांना बांधून मारले गेले. जादूटोणाविरोधी कायदा होऊन तेव्हा आठ वर्षे झाली होती. आजाराचे कारण सापडत नाही तेव्हा माणूस शोधला जातो, आणि तो माणूस बहुतेक वेळा बाई असते.

त्या मुलाचे रक्त तपासायला पाठवले. गुणसूत्रे मोजली, त्यांचे पट्टे पाहिले. कागद आला: शेहेचाळीस, एक्सवाय, नॉर्मल. त्या एका ‘नॉर्मल’ शब्दाने घरात जे केले ते आजारानेही केले नव्हते. पोराच्या रक्तात दोष नाही म्हणजे मग पोसण्यात दोष, पोटात असताना केलेल्या हयगयीत दोष. सून गप्प राहू लागली.

दोन वर्षांनी एका मोठ्या शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी जुने कागद पाहिले. त्या म्हणाल्या, पट्टे पाहून जे दिसते तेवढेच सगळे नसते. मुलाच्या रक्ताची पुन्हा, पण वेगळी तपासणी करा. ती झाली. एका गुणसूत्राच्या टोकाचा इवलासा तुकडा मुलात कमी होता आणि दुसऱ्या एका गुणसूत्राच्या टोकाचा तुकडा जास्तीचा होता. मग आईबापांचे रक्त मागवले. आईचे सगळे जागच्या जागी. बापाच्या दोन गुणसूत्रांची टोके आपसात बदललेली.

तो दोन दिवस कोणाशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी आईला म्हणाला, “माय, हे माझ्याकडून गेलं आहे.” म्हातारी म्हणाली, “तुझ्यात कसं असन बापू, तू त धडधाकट आहेस.”

म्हातारीचे म्हणणे वेडेपणाचे नव्हते. धडधाकट माणसात दोष असेल कसा, हा प्रश्न कोणालाही पडेल. उत्तर बांधणीवाल्या काकांच्या टेबलावर आहे. त्याच्या घरात दोन्ही पुस्तके होती, पाने सगळी होती. बीज तयार होताना मात्र जोडीतले एकेकच पुस्तक पुढे जाते. कधी दोन्ही सरळ पुस्तके जातात आणि मूल पूर्ण निर्दोष होते. कधी अदलाबदल झालेली दोन्ही सोबत जातात आणि मूल बापासारखेच निरोगी वाहक होते. कधी एक सरळ आणि एक बदललेले जाते. तेव्हा गर्भ टिकत नाही, किंवा टिकला तर मूल त्या मुलासारखे होते. यात किती वेळा काय होईल हे कोणती गुणसूत्रे आहेत आणि तुकडा केवढा आहे यावर ठरते. चिठ्ठ्या टाकल्यासारखा सरळ चौथा हिस्सा कोणी धरू नये. वारंवार गर्भपात होणाऱ्या शंभर जोडप्यांत साधारण तीन ते पाच जोडप्यांत दोघांपैकी एकाच्या अंगात अशी अदलाबदल सापडते. आणि ती नवऱ्यातही असू शकते. आपल्याकडे तपासणी बाईपासून सुरू होते आणि पुष्कळदा बाईपाशीच संपते.

आता प्रश्न हा की पहिल्या तपासणीत ते का दिसले नाही? त्यासाठी गुणसूत्रे पाहतात कशी, ते थोडे सांगावे लागेल. मला या कामातली कारागिरी फार आवडली.

गुणसूत्रे नेहमी दिसत नाहीत. पेशी दुभंगायला निघते त्या थोड्या वेळापुरतीच ती गोळा होऊन नजरेला येतात. म्हणून रक्तातल्या पांढऱ्या पेशींना प्रयोगशाळेत दुभंगायला लावतात. कशाने लावतात? राजम्यातून काढलेल्या एका द्रव्याने. ही करामत अमेरिकेतल्या पीटर नॉवेल यांना १९६० मध्ये सापडली. तीन दिवस पेशी अंगाच्या उबेत वाढवायच्या. मग ऐन दुभंगण्याच्या क्षणी त्यांना थांबवायचे. त्यासाठी कोल्चिसिन नावाचे विष किंवा त्याचे प्रयोगशाळेत बनवलेले भावंड वापरतात. हे कोल्चिसिन आपल्या कळलावीत असते. पावसाळ्यात झुडपांवर चढणारी, लाल-पिवळ्या ज्वाळेसारखी फुले येणारी ती वेल तुम्ही पाहिलेली आहे. बाळंतपणाची कळ लावते म्हणून कळलावी. तिचा कंद जहरी आहे, कोणी प्रयोग करू नका. पण जिच्या नावातच बाळंतपण आहे तिच्यातले द्रव्य बाळाच्या गुणसूत्रांची तपासणी करायला उपयोगी पडावे, हे कोणा कवीला सुचले नसते.

मग पेशींना कमी क्षारांच्या पाण्यात ठेवायचे, म्हणजे त्या फुगतात आणि आतली गुणसूत्रे मोकळी होतात. काचेवर थेंब टाकायचा, रंग द्यायचा. १९७० च्या सुमारास असे रंग निघाले की ज्यांनी गुणसूत्रावर गडद-फिके आडवे पट्टे उमटतात, धोतराच्या काठासारखे. पट्ट्यांवरून प्रत्येक गुणसूत्र ओळखता येऊ लागले. शिकागोच्या जॅनेट रॉली घरच्या जेवणाच्या टेबलावर गुणसूत्रांची छायाचित्रे कात्रीने कापून जुळवत बसत. १९७३ मध्ये त्यांना दिसले की एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात नऊ आणि बावीस क्रमांकाच्या गुणसूत्रांची अदलाबदल झालेली असते. पुढे त्याच बिघाडावर नेम धरून इमॅटिनिब नावाची गोळी निघाली. तिच्या पेटंटचा वाद आपल्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १ एप्रिल २०१३ रोजी कंपनीचा दावा फेटाळला गेला, हे काहींना आठवत असेल. ती गोष्ट पुन्हा कधी.

पण पट्ट्यांना मर्यादा आहे. पाच-दहा लाख अक्षरे इकडची तिकडे झाली तर पट्टा जसाच्या तसा दिसतो. त्यात अनेक गुणसूत्रांची टोके मुळातच फिकी. फिक्या टोकाच्या जागी दुसऱ्याचे फिके टोक येऊन बसले तर अनुभवी डोळ्यालाही कळत नाही. त्या मुलाच्या कागदावर ‘नॉर्मल’ लिहिणाऱ्याने खोटे लिहिले नव्हते. त्याच्या चष्म्यातून तेवढेच दिसत होते.

यावर तोड निघाली तिचे नाव ‘फिश’. मासळीशी संबंध नाही. फ्लुरोसन्स इन सिटू हायब्रिडायझेशन या लांबलचक नावाची ती आद्याक्षरे. गुणसूत्र जिथे आहे तिथेच, त्याच्यावर, चकाकणारी खूण बांधायची. चकाकणारी म्हणजे कशी? बँकेत पाचशेची नोट जांभळ्या दिव्याखाली धरतात तेव्हा एरवी न दिसणारे धागे उजळतात ना, तशी.

आणि खूण आपल्याच जागी जाऊन बसते कशी, हे तर मला मुशायऱ्यातले वाटते. आपली लिखावट दुपेडी असते. एका पेडावर जे अक्षर, त्याच्यासमोर दुसऱ्या पेडावर त्याचा ठरलेला जोडीदार. मुशायऱ्यात शायराने पहिली ओळ म्हटली की जाणकार श्रोता काफिया ओळखून दुसरी ओळ त्याच्या आधी म्हणतो. तसेच इथे. जो भाग शोधायचा त्याची एका पेडाची नक्कल करून तिला रंग जोडतात. काचेवरची गुणसूत्रे तापवून त्यांचे पेड सुटे करतात आणि ही रंगीत ओळ वर सोडतात. रात्रभर ठेवले की कोट्यवधी अक्षरांच्या गर्दीत ती आपला काफिया शोधून बरोबर त्याच जागी चिकटते. उरलेला रंग धुऊन टाकायचा आणि अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शक लावायचा. निळ्या गुणसूत्रांवर लाल आणि हिरवे ठिपके दिसतात. चार क्रमांकाच्या टोकाला लावलेला लाल ठिपका आठ क्रमांकाच्या टोकावर चमकताना दिसला की चोरी पकडली.

आधी हे काम किरणोत्सारी द्रव्य लावून करत. १९६९ मध्ये जोसेफ गॉल आणि मेरी लू पार्ड्यू यांनी तसे करून दाखवले. पण त्यात उत्तर यायला फार दिवस लागत. १९८० च्या दशकात चकाकणारे रंग आले आणि १९८८ च्या सुमारास अख्खे गुणसूत्र रंगवता येऊ लागले. १९९६ मध्ये दोन गोष्टी झाल्या. माणसाची चोवीस प्रकारची गुणसूत्रे चोवीस रंगांत एकदम दाखवणारी पद्धत निघाली, आणि टोके तपासण्यासाठी प्रत्येक टोकाची वेगळी खूण तयार झाली. त्या मुलाला उपयोगी पडली ती ही दुसरी.

भाबडेपणाने मात्र काही बोलू नये. फिश विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते. बावीसच्या एका ठरावीक जागी तुकडा कमी आहे का, असे विचारले तर हो किंवा नाही सांगेल. शेजारी दुसरे काही हरवले असेल तर त्याबद्दल ब्र काढणार नाही. म्हणून आता डॉक्टर बहुधा आधी मायक्रोॲरे नावाची तपासणी सांगतात. ती सगळीकडचे कमी-जास्त एकदम मोजते. पण संतुलित अदलाबदलीत कमीही काही नसते आणि जास्तही नसते, त्यामुळे मायक्रोॲरेला बापाच्या रक्तात काहीच दिसत नाही. तिथे पुन्हा गुणसूत्रेच पाहावी लागतात, पट्टे आणि फिश लावून. अख्खी लिखावट अक्षरशः वाचून तुटण्याची जागा शोधणेही आता जमते, पण तो खर्च आपल्या भागातल्या घरांना झेपणारा नाही. फिशलाही काही हजार रुपये पडतात.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे आनुवंशिक आजार म्हटला की सिकलसेल. बरोबर आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ मध्ये गडचिरोलीत आले तेव्हा त्यांनी आरंभी हाती घेतलेल्या कामांत सिकलसेलचा शोध होता. पण लोकांना तो आपला प्रश्न वाटला नव्हता, हे डॉ. बंगांनीच पुढे सांगितले आहे. आज गावोगाव तपासणी होते, कार्डे मिळतात. १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान चालू झाले. मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारात असलेल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी या सरकारी संस्थेने चंद्रपुरात अशा रक्तविकारांसाठी आपले केंद्र काढले. हे सगळे चांगलेच झाले. पण सिकलसेलमध्ये पुस्तकातले एक अक्षर चुकलेले असते, आणि इथे पाने दुसऱ्या पुस्तकात गेलेली असतात. दोन्हींचा हिशेब निराळा. सिकलसेलचा आजार व्हायला आई आणि बाप दोघांकडून चुकीचे अक्षर यावे लागते. म्हणून दोन वाहकांनी आपसात लग्न करू नये, असे सांगतात. अदलाबदलीला एकटा एकच पुरतो.

यातून आणखी एक गैरसमज निघतो. आम्हा मुसलमानांत चुलत-मावस भावंडांची लग्ने होतात. मराठी घरांत मामाची मुलगी करतात. गोंडांत तर आतेमामे भावंडांच्या लग्नाला ‘दूध लौटावा’ असे गोड नाव आहे. मूल अधू झाले की डॉक्टरसुद्धा पहिला प्रश्न विचारतात, नात्यातले लग्न का? प्रश्न योग्य आहे, सिकलसेल, थॅलसेमियासारख्या आजारांत नात्यातल्या लग्नाने धोका वाढतोच. पण गुणसूत्रांच्या अदलाबदलीचा नात्याशी संबंध नाही. माझ्या माहितीतल्या त्या घरात नवरा-बायको दोन वेगळ्या तालुक्यांतले, सात पिढ्यांत नाते नाही.

आणि गुणसूत्रे पाहण्याच्या या विद्येचा महाराष्ट्रातला इतिहास फारसा अभिमानाचा नाही. गर्भजल काढून गुणसूत्रे तपासायची सोय आली ती गर्भातले दोष कळावेत म्हणून. १९८० च्या दशकात मुंबईत आणि मग इतरत्र तिचा बाजार झाला तो एकाच प्रश्नासाठी, मुलगा की मुलगी. लोकांना दोन एक्स आणि एक्सवाय एवढाच गुणसूत्रांचा धडा पाठ झाला. १९८८ मध्ये त्याविरुद्ध कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य ठरले, १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. त्या कायद्याने ही विद्या बंद केलेली नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. दोन किंवा अधिक गर्भपात झाले असतील, घराण्यात असा दोष असेल, तर नोंदणी झालेल्या केंद्रात गर्भाच्या गुणसूत्रांची तपासणी कायदेशीरपणे करता येते. सांगायचे नाही ते फक्त लिंग.

त्या घराने पुढे तेच केले. पुन्हा दिवस गेले तेव्हा चौथ्या महिन्यात गर्भजल तपासले. तिसऱ्या आठवड्यात उत्तर आले. मुलगा की मुलगी ते नव्हते, पण त्या दोन गुणसूत्रांबद्दल लिहिले होते: बापासारखे, अदलाबदल झालेले पण संतुलित. म्हणजे निरोगी वाहक. आता ती मुलगी शाळेत जाते. थोरला भाऊ अजून आधार घेऊनच चालतो. त्याच्यावर उपाय निघालेला नाही. त्याला कारण मिळाले एवढेच. पण सूनबाई आता घरात बोलते, आणि बरेच बोलते, असे तिचा नवराच मला हसत सांगत होता.

शेवटी थोडे उपयोगाचे. सिकलसेलच्या तपासणीला बोटाच्या टोकाचा थेंब चालतो. गुणसूत्रांचे तसे नाही. तिथे पेशी जिवंत पोचाव्या लागतात, कारण त्यांना अजून दुभंगायचे असते. भामरागडला पूर येऊन संपर्क तुटल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचत आलो. अशा वेळी काढलेले रक्त तिथेच मरते आणि तपासणी वाया जाते. म्हणून जमल्यास माणसानेच शहरात जावे, आणि नाहीच जमले तर रक्त हेपॅरिनच्या हिरव्या झाकणाच्या नळीत घ्यायला सांगावे. बर्फात गाडून पाठवू नये, उन्हात तापू देऊ नये, आणि शनिवारी तर मुळीच पाठवू नये. दुसऱ्या दिवसापर्यंत, फार तर तिसऱ्या, ते प्रयोगशाळेत पोचले पाहिजे. सोबत आधीचे सगळे कागद, ‘नॉर्मल’ लिहिलेलेसुद्धा. मूल असेल तर मुलाचे आणि आईबापांचे असे तिघांचे रक्त द्यावे. मूल नसेल, नुसते गर्भपात झाले असतील, तर दोन नळ्या द्याव्यात, एक बायकोची आणि एक नवऱ्याची.